कॅमेरा कोणता घ्यावा?

उन्हाळ्याच्या दुपारी दारे-खिडक्या लावून घेतलेल्या अंधाऱ्या खोलीत एक नवल कधीकधी पाहावयास मिळते. जुन्या दाराच्या फळीला एखादे बारीक भोक पडलेले असते. बाहेर लख्ख ऊन असते. त्या भोकातून येणारा प्रकाश समोरच्या भिंतीवर पडतो. आणि निरखून पाहिले तर तो नुसता कवडसा नसतो, अंगणाचे एक फिकट चित्रच तेथे उमटलेले असते. मात्र हे चित्र उलटे असते. झाडाचा शेंडा खाली आणि बुंधा वर दिसतो. रस्त्याने पूर्वेकडे चाललेली सायकल भिंतीवर पश्चिमेकडे सरकते! प्रकाश सरळ रेषेत जातो, हे तुम्ही विज्ञानात शिकला आहात. शेंड्यापासून निघालेला किरण त्या भोकातून तिरपा खाली उतरतो आणि बुंध्यापासून निघालेला किरण वर चढतो. म्हणून हा सारा उलटा कारभार.

कॅमेरा म्हणजे हीच अंधारी खोली, लहान करून हातात धरण्याजोगी केलेली. ‘कॅमेरा’ हा शब्दही मूळचा लॅटिन असून त्याचा अर्थ खोली किंवा दालन असाच आहे. भोकाच्या जागी काचेचे भिंग बसविले की चित्र उजळ व रेखीव होते. भिंतीच्या जागी प्रकाशाने बदल पावणारा पदार्थ ठेवला की चित्र टिकून राहते. फ्रान्समधील निएप्स याने १८२६-२७ च्या सुमारास आपल्या घराच्या खिडकीतून दिसणारी छपरे अशा रीतीने एका धातूच्या पत्र्यावर उमटविली. त्याकरिता त्या पत्र्यावर कित्येक तास प्रकाश पडू द्यावा लागला. पुढे १८३९ मध्ये त्याचा सहकारी दागेर याची सुधारलेली कृती जाहीर झाली, आणि ही विद्या पाहता पाहता जगभर पसरली. मुंबईत १८५४ सालीच ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ ही संस्था निघाली. विख्यात विद्वान डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी हे तिच्या सभासदांपैकी एक होते.

त्या पत्र्याची जागा पुढे काचेने घेतली, काचेची जागा फिल्मने घेतली, आणि आज फिल्मची जागा बहुतेक ठिकाणी विजेवर चालणाऱ्या संवेदकाने, म्हणजे सेन्सरने, घेतली आहे. परंतु पेटी, भोक आणि पडदा ही तीन अंगे बदललेली नाहीत. हे आरंभीच सांगण्याचे कारण असे की, कॅमेऱ्याच्या दुकानात शिरणाऱ्याला ही साधी गोष्ट विसरावयास लावणारे पुष्कळ काही तेथे मांडलेले असते. कोणता कॅमेरा किती लाख ठिपक्यांचा, कोणत्याला किती कळा, कोणता यंदाचा आणि कोणता गेल्या वर्षीचा, असे एकेक विक्रेता सांगू लागतो आणि गिऱ्हाईक गोंधळून जाते. साधारण संसारी कुटुंबाला चांगला कॅमेरा घ्यावयाचा म्हणजे महिन्या-दोन महिन्यांची मिळकत त्यात घालावी लागते. एवढे करूनही मनाजोगी चित्रे निघाली नाहीत, की तो कॅमेरा कपाटात जाऊन पडतो, आणि ज्याच्यासाठी तो घेतला त्या मुलाला वाटू लागते की, ही कला आपल्या नशिबी नाही. बिचाऱ्याचा दोष काहीच नसतो. कोणते काम करावयाचे ते ठरविण्यापूर्वीच हत्यार विकत घेतले गेलेले असते.

महागडा कॅमेरा म्हणजे उत्तम चित्र, हा समज फार जुना आहे आणि तितकाच खोटाही आहे. अमेरिकेत कोडॅक कंपनीने १९०० साली ‘ब्राउनी’ नावाचा एक कॅमेरा काढला. पुठ्ठ्याची एक पेटी, तिला पुढे एक साधे भिंग आणि एक झडप, एवढाच तो पसारा. किंमत अवघा एक डॉलर. मुलांनाही तो घेता यावा, असाच कंपनीचा हेतू होता. अशा जातीचा एक पेटी-कॅमेरा १९१६ मध्ये एका चौदा वर्षांच्या मुलाला त्याच्या आईवडिलांनी दिला. तो मुलगा त्या वेळी कॅलिफोर्नियातील योसेमिटी या डोंगरदऱ्यांच्या प्रदेशात सहलीला गेला होता. त्याचे नाव अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स. पुढे त्याच पर्वतांची छायाचित्रे काढून तो जगप्रसिद्ध झाला. मोठेपणी तो दोघातिघांना उचलावी लागेल एवढी सामग्री बाळगीत असे, हे खरे. परंतु आपल्याला ती कशासाठी हवी आहे, हे त्याला तोवर पक्के कळलेले होते.

आपल्याकडील उदाहरण तर याहूनही बोलके आहे. दादासाहेब फाळके यांनी चित्रपट काढावयाचे ठरविले तेव्हा या देशात त्यांना ते शिकविणारे कोणी नव्हते. छायाचित्रणाचे शिक्षण त्यांनी बडोद्याच्या कलाभवनात घेतलेले होते. १९१२ च्या आरंभी, आपली विमापत्रे तारण ठेवून, ते लंडनला गेले. तेथे ते प्रथम यंत्रांच्या दुकानात शिरले नाहीत. ‘बायोस्कोप’ या साप्ताहिकाचे संपादक कॅबोर्न यांना ते भेटले, त्यांचा सल्ला घेतला, चित्रपट कसे तयार होतात ते प्रत्यक्ष पाहिले, आणि मग ‘विल्यमसन’ बनावटीचा कॅमेरा, फिल्मच्या कडेला भोके पाडण्याचे यंत्र असे नेमके लागणारे सामान त्यांनी खरेदी केले. परत आल्यावर एखादे भव्य नाटक टिपण्याच्या मागे ते लागले नाहीत. कुंडीत त्यांनी वाटाणा पेरला, कुंडीसमोर कॅमेरा बसविला, आणि महिनाभराहून अधिक काळ ठरावीक अंतराने एकेक चौकट टिपली. चित्र पडद्यावर दाखविताच बी फुटून त्याचा वेल पाहता पाहता वाढू लागे. ‘अंकुराची वाढ’ हे ते छोटेसे चित्र पाहूनच यशवंतराव नाडकर्णी यांनी त्यांना भांडवल देऊ केले, आणि ३ मे १९१३ रोजी गिरगावातील कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांपुढे आला. आपला कॅमेरा काय करू शकतो, हे फाळक्यांनी वाटाण्याच्या एका रोपावर अजमावून पाहिले. तुमच्या घरच्या मोबाइलनेही हा प्रयोग तुम्हांला करता येईल. मात्र मोबाइल दररोज अगदी त्याच जागी ठेवला पाहिजे. त्यासाठी जमिनीवर खडूने खूण करून ठेवावी.

आता कॅमेऱ्याच्या पोटात शिरू. शेतावर राहणाऱ्या मुलांनी पाटाचे पाणी वाफ्यांना देताना पाहिलेच असेल. वाफ्याचे दार रुंद उघडले तर वाफा चटकन भरतो, अरुंद उघडले तर बराच वेळ दारे धरून बसावे लागते. कॅमेऱ्यात प्रकाश घेण्याची रीत नेमकी अशीच आहे. भिंगाच्या आत एक लहानमोठे करता येणारे छिद्र असते. ते वाफ्याचे दार. छिद्रामागे शटर, म्हणजे झडप, असते; ती किती वेळ उघडी राहावी, हे आपण ठरवितो. आणि तिसरी गोष्ट म्हणजे पिकाची तहान. उसाला पुष्कळ पाणी लागते, ज्वारीचे थोडक्यात भागते. त्याचप्रमाणे काही फिल्म पुष्कळ प्रकाश मागते, काही थोड्यावर भागविते. हा गुण ‘आयएसओ’ या आकड्याने दाखवितात. आकडा १०० असेल तर प्रकाश जास्त लागतो. ४०० असेल तर त्याच्या चौथ्या हिश्शात काम होते. संवेदकाच्या कॅमेऱ्यात हा आकडा हवा तसा वाढविता येतो. मग तो नेहमी मोठाच का ठेवू नये? कारण आकडा फार चढविला की चित्रावर वाळू भुरभुरल्यासारखे दाणे दिसू लागतात.

छिद्राचे आकडे प्रथम पाहणाऱ्याला चकवितात. भिंगावर २, २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ असे अंक असतात, आणि आकडा जसजसा मोठा तसतसे छिद्र लहान! कारण हे आकडे भाग दाखवितात. भिंगाच्या नाभीय अंतराला त्या आकड्याने भागले की छिद्राचा व्यास मिळतो. ५० मिलिमीटरच्या भिंगावर २ हा आकडा लावला तर छिद्र २५ मिलिमीटर रुंद होते, आणि १६ लावला तर जेमतेम ३ मिलिमीटर. या रांगेत एक पायरी पुढे गेले की प्रकाश निम्मा होतो. झडपेचे वेगही असेच दुपटीने चढतात: सेकंदाचा साठावा भाग, सव्वाशेवा, अडीचशेवा, पाचशेवा.

फिल्म वापरणारे जुने छायाचित्रकार एक सोपा नियम पाठ करीत. स्वच्छ उन्हात छिद्र १६ वर ठेवावे आणि आयएसओचा जो आकडा असेल, सेकंदाचा सुमारे तितकावा भाग झडप उघडावी. म्हणजे आयएसओ १०० असेल तर सेकंदाचा सव्वाशेवा भाग. पातळ ढग असतील आणि सावल्या पुसट असतील तर छिद्र ११ वर न्यावे. सावल्या दिसेनाशा झाल्या तर ८. आभाळ दाट भरून आले तर ५.६, आणि झाडाच्या किंवा घराच्या सावलीत ४. आजचे कॅमेरे हे गणित स्वतःच करतात. तरीही एक दिवस हाताने हे आकडे लावून चित्रे काढून पाहावीत, असे मी आग्रहाने सांगेन. प्रकाश कमीजास्त होतो म्हणजे किती होतो, हे त्याशिवाय कळत नाही. आपले डोळे फार सोशिक आहेत. भर उन्हातून घरात आलो की क्षणभर अंधारल्यासारखे होते, मग सारे नेहमीसारखे दिसू लागते. वस्तुतः घरातला प्रकाश उन्हाच्या मानाने शेकडो पट कमी असतो. डोळा हे आपल्यापासून लपवितो. कॅमेरा लपवीत नाही.

छिद्र लहान केल्याने आणखी एक गोष्ट घडते. जवळचे आणि दूरचे असे दोन्ही रेखीव दिसू लागते. ज्यांना लांबचे नीट दिसत नाही, अशी माणसे चष्मा नसला की डोळे बारीक करून फळ्याकडे पाहतात, ते उगीच नव्हे. छिद्र मोठे ठेवले, तर ज्यावर आपण भिंग जुळविले तेवढेच स्वच्छ येते आणि मागचे सारे धूसर होते. किल्ल्याचा बुरूज व त्यामागील डोंगररांग दोन्ही हवी असतील तर छिद्र लहान बरे. आजीचा चेहरा हवा असून मागचे कपडे वाळत घातलेले दिसू नयेत असे वाटेल, तर ते मोठे बरे. बहुतेक मोबाइलमध्ये हे छिद्र ठरावीकच असते, लहानमोठे होत नाही. तेथे फक्त वेळ आणि आयएसओ बदलतात.

एवढे समजले म्हणजे निवडीचा प्रश्न पुष्कळ सोपा होतो. दुकानदाराला ‘चांगला कॅमेरा कोणता?’ असे विचारू नये. स्वतःला विचारावे, मी कशाचे चित्र काढणार? उजनी जलाशयावर भिगवणजवळ येणारे रोहित पक्षी ज्याला टिपावयाचे आहेत, त्याला ३०० किंवा ४०० मिलिमीटर नाभीय अंतराचे लांब भिंग हवे; त्यावाचून पक्षी म्हणजे नुसते गुलाबी ठिपके. कासच्या पठारावरील ‘सीतेची आसवे’ हे नखाएवढे फूल ज्याला टिपावयाचे आहे, त्याला ते लांब भिंग बहुधा निरुपयोगी. त्याला अगदी जवळून पाहू शकणारे भिंग पाहिजे. (आणि फुलाजवळ जाताना शेजारची दहा फुले पायाखाली जाणार असतील, तर ते चित्र सोडून द्यावे.) घरची माणसे, गाव, बाजार, जत्रा एवढेच ज्याला हवे आहे, त्याला मोठ्या कॅमेऱ्यात ५० मिलिमीटरच्या आसपासचे एकच भिंग वर्षानुवर्षे पुरते. अशी अनेक भिंगे पाळीपाळीने लावता यावीत म्हणून काही कॅमेऱ्यांचे भिंग काढता-घालता येते. ही सोय खरोखर लागणार असेल तरच तिचे पैसे मोजावेत.

ठिपक्यांच्या संख्येविषयी थोडक्यात सांगून टाकतो. दहा इंच लांब व आठ इंच रुंद असे चित्र उत्तम कागदावर छापावयाचे, तर दर इंचाला ३०० ठिपके पुरतात. ३००० गुणिले २४०० म्हणजे ७२ लाख. एवढे ठिपके आज साध्या मोबाइलमध्येही असतात. तेव्हा त्यापुढच्या कोट्यवधींच्या गोष्टींनी भुलून जाण्याचे कारण नाही. संवेदकाचा आकार मात्र अवश्य पाहावा. मोठ्या कॅमेऱ्यात तो ३६ मिलिमीटर लांब व २४ मिलिमीटर रुंद असतो, मोबाइलमध्ये त्याच्या काही अंशाचाच. मोठ्या परातीत पावसाचे पाणी वाटीपेक्षा अधिक साठते. तसेच मोठ्या संवेदकावर प्रकाश अधिक गोळा होतो, आणि संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडात त्याचे चित्र अधिक स्वच्छ येते.

आता तुमच्यापैकी बहुतेकांच्या घरी असणारा कॅमेरा म्हणजे वडिलांचा किंवा ताईचा मोबाइल. तो कमी दर्जाचा समजू नका. त्याच्याने होईल तेवढे सारे करून पाहावे, आणि तो जेव्हा ‘हे माझ्याने होणार नाही’ असे सांगेल, तेव्हा ती गोष्ट वहीत टिपून ठेवावी. झाडावरचा पक्षी लहान आला. कबड्डीपटूचा हात फरफटल्यासारखा आला. रात्रीचे चित्र दाणेदार आले. सहा महिन्यांनी ती वही उघडली, की आपल्याला काय घ्यावयाचे आहे त्याची यादी तिच्यात आपोआप तयार झालेली असेल. अनेकदा असेही आढळेल की, यादीत काहीच नाही!

जुना वापरलेला कॅमेरा घेण्यातही कमीपणा नाही. मात्र तो एखाद्या जाणत्या माणसाला बरोबर नेऊन पारखावा. भिंग उजेडासमोर तिरपे धरून त्यातून पाहावे. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर ती बुरशी होय, आणि असे भिंग स्वस्त मिळाले तरी सोडून द्यावे. विजेरी घालण्याच्या कप्प्यात हिरवट किंवा पांढरट खार जमलेला नसावा. झडप सर्व वेगांवर चालवून पाहावी. संवेदकाचा कॅमेरा असेल तर पांढऱ्या भिंतीचे एक चित्र काढून ते मोठे करून पाहावे, डाग असले तर लगेच दिसतात. आजोबांच्या पेटीत आग्फा कंपनीचा ‘क्लिक-३’ सापडला, तर तोही अडगळ म्हणून टाकू नये. एका फिल्मवर बाराच चित्रे काढू देणारा तो कॅमेरा माणसाला कळ दाबण्यापूर्वी विचार करावयास लावतो.

या ‘बाराच’चे महत्त्व होमाई व्यारावाला यांच्या कामावरून कळते. भारतातील पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार म्हणून त्या ओळखल्या जातात. त्यांचा जन्म १९१३ मध्ये नवसारीस झाला, आणि शिक्षण मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत झाले. १९४२ पासून त्या दिल्लीत काम करू लागल्या. साडी नेसून, सायकलवर सामान लादून, त्या समारंभांना जात. त्यांच्याजवळील ‘स्पीड ग्राफिक’ कॅमेरा चांगला वजनदार असे; त्याच्या एका चौकटीत फिल्मचे दोनच पत्रे मावत. फ्लॅशचा दिवा तर एकदा चमकला की जळून जाई आणि नवा बसवावा लागे. समोर घटना घडत असताना दोन चित्रांनंतर थांबावे लागणाऱ्या माणसाला कोणता क्षण निवडावा हे आधीच ठरवावे लागते. स्वातंत्र्याच्या त्या दिवसांची त्यांनी टिपलेली चित्रे आजही पाहिली जातात. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण देण्यात आले आणि २०१२ मध्ये त्यांचे निधन झाले.

कॅमेरा हातात आला, की पहिली गोष्ट त्याचे भिंग पाहण्याची. मोबाइलची चित्रे धुक्यातल्यासारखी येतात, तेव्हा दहांतील निदान निम्म्या वेळा अपराधी असतो तो भिंगावरचा बोटाचा तेलकट ठसा. पुसण्यापूर्वी त्यावर फुंकर घालून धूळ उडवावी, नाहीतर धुळीचा कणच काचेवर ओरखडा काढतो. मग धुतलेल्या मऊ सुती फडक्याने हलकेच पुसावे. शर्टाचे टोक त्यासाठी नव्हे.

दुसरी गोष्ट हात स्थिर ठेवण्याची. दोन्ही कोपरे अंगाशी घ्यावीत, पाय थोडे फाकावेत, श्वास हळूच सोडावा आणि कळ दाबावी. कळीवर बोट आदळू नये. भिंग जितके लांब तितका हाताचा कंप मोठा होऊन दिसतो. म्हणून ५० मिलिमीटरच्या भिंगाला सेकंदाचा निदान साठावा भाग आणि ३०० मिलिमीटरच्या भिंगाला पाचशेवा भाग वेग ठेवावा. याहून सावकाश काम करावयाचे तर तिपाई पाहिजे. ती नसेल तर जाड फडक्यात तांदूळ किंवा वाल बांधून त्याची एक पुरचुंडी करावी, कठड्यावर किंवा दगडावर ठेवावी, आणि तिच्यात कॅमेरा रुतवून बसवावा. ही पुरचुंडी अर्धी तिपाईच होय, आणि चित्र काढून झाल्यावर तिची खिचडीही करता येते.

मोबाइलच्या पडद्यावर दोन बोटे फाकवून वस्तू जवळ आणण्याचा मोह टाळावा. पुष्कळदा त्यात भिंग काहीच करीत नाही. चित्राचा मधला भाग कापून तो ताणला जातो, इतकेच. त्याऐवजी चार पावले पुढे जावे. माणसाचा चेहरा घेताना मात्र उलट करावे, दोन पावले मागे यावे. अगदी जवळून घेतलेल्या चेहऱ्यात नाक मोठे आणि कान लहान होतात. चूक कॅमेऱ्याची नसते, नाक खरोखरच त्याच्या अधिक जवळ असते. जंजिऱ्याच्या ‘कलाल बांगडी’ तोफेसारखी प्रचंड वस्तू टिपताना शेजारी एखाद्या माणसाला उभे करावे, नाहीतर तिचा आकार कोणाला कळणार?

भर दुपारी माणसांची चित्रे काढू नयेत. डोक्यावरचे ऊन कपाळावर पांढरे पडते आणि डोळ्यांच्या खोबणीत काळोख साठतो. सकाळचे कोवळे ऊन, उतरती उन्हे, किंवा ओसरीची सावली यांत चेहरा मऊ उजळतो. दुपार टाळता येतच नसेल, तर एखाद्याने पांढरी चादर धरून तिच्यावरचा उजेड चेहऱ्यावर परतवावा. येथे एक बजावून ठेवतो. कॅमेऱ्याच्या काचेच्या खिडकीतून सूर्याकडे कधीही पाहू नये. भिंग ऊन एकवटून डोळा कायमचा अधू करू शकते.

कॅमेऱ्याच्या आपोआप चालणाऱ्या गणितात एक वेडेपणा आहे, तोही ओळखून असावे. त्याला वाटते की, जगातली प्रत्येक गोष्ट मध्यम करड्या रंगाची आहे. म्हणून आषाढीच्या वारीत पांढरे सदरे आणि पांढऱ्या टोप्या घातलेले शेकडो वारकरी चौकटीत आले, की तो त्यांना मळकट करून टाकतो. आणि काळीभोर म्हैस चौकटभर आली, की तिला राखाडी करतो. पांढऱ्यासाठी प्रकाश मुद्दाम थोडा वाढवावा, काळ्यासाठी थोडा कमी करावा. त्याची खूण अधिक-उणे चिन्हांनी कॅमेऱ्यावर दिलेली असते.

फ्लॅशच्या उजेडावर फार विसंबू नये. अंतर दुप्पट झाले की त्याचा प्रकाश चौथा हिस्सा उरतो, तिप्पट झाले की नववा. कोकणात रात्री दशावतारी नाटक रंगते, तेव्हा मागच्या रांगेतून कित्येकजण फ्लॅश चमकावितात. तो रंगमंचापर्यंत पोहोचत नाही, पुढच्या लोकांची डोकी तेवढी उजळतात आणि नटाचा विरस होतो तो निराळाच. फ्लॅश बंद करावा, कॅमेरा खांबाला टेकवावा, आणि पात्र पवित्रा घेऊन क्षणभर थांबते तो क्षण पकडावा. तसेच कोणाचेही चित्र काढण्यापूर्वी त्याला विचारावे. बाजारात बसलेली भाजीवाली मावशी ‘नको’ म्हणाली, तर ते ‘नको’च.

आपल्याकडे कॅमेऱ्याचा खरा वैरी पावसाळा. दमट हवेत, विशेषतः चामड्याच्या पिशवीत बंद ठेवलेल्या भिंगावर बुरशी चढते. कोकणात व गोव्यात तर हे फार लवकर घडते. घट्ट झाकणाचा डबा घ्यावा, त्यात ओल शोषणारी सिलिका जेलची पुडी टाकावी आणि कॅमेरा त्यात ठेवावा. त्या खड्यांचा रंग बदलला की ते ओलीने भरले असे समजावे व पुडी बदलावी. हे खडे विषारी असू शकतात, म्हणून लहान भावंडांच्या हाती लागू देऊ नयेत. थंडगार गाडीतून दमट हवेत उतरताच भिंगावर दव धरते. अशा वेळी कॅमेरा पिशवीतच पाव-अर्धा तास राहू द्यावा. फार दिवस वापरावयाचा नसेल तर विजेरी काढून ठेवावी.

आणि काढलेल्या चित्रांची काळजी? मोबाइल हरवतो, मेमरी कार्ड बिघडते, आणि पुन्हा न घेता येणारी चित्रे त्यांच्याबरोबर जातात. आवडत्या चित्रांच्या दोन प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणी ठेवाव्यात आणि त्यांतील दहा-वीस तरी कागदावर छापून घ्याव्यात. जुन्या अल्बममध्ये पणजोबांच्या शेजारी उभा असलेला फेटेवाला कोण, हे सांगणारे पुष्कळ घरांत आता कोणी उरलेले नाही. म्हणून छापील चित्राच्या मागे नावे, गाव आणि तारीख लिहावी. ती मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने लिहावीत; शाई झिरपून पुढच्या बाजूला उतरण्याची भीती असते.